लाटेपुढे वडीलकी चालत नाही

आई-वडिलांना घेऊन परदेशी जायचं म्हटलं की आपल्याकडे एक साचा ठरलेला आहे. सहलीची कंपनी, बस, गळ्यात ओळखपत्र, सकाळी सातला नाश्ता आणि रात्रीच्या जेवणात वरण-भाताची हमी. मुलांना घेऊन जायचं असलं तरी साचा तोच, फक्त राजवाड्याऐवजी थीम पार्क. त्यात वावगं काही नाही. पण आज मला बोलायचंय ते अगदी दुसऱ्या टोकाच्या प्रवासाबद्दल. गाडीच्या टपावर सर्फबोर्ड बांधायचे आणि परक्या देशाच्या किनाऱ्याकिनाऱ्याने लाटा शोधत हिंडायचं; बरोबर आई किंवा वडील. मग मूल बारा वर्षांचं असो नाही तर चाळिशीतलं. माझं म्हणणं असं, की दोन पिढ्यांनी मिळून करायच्या प्रवासांत याच्या तोडीचा प्रकार सापडणं कठीण आहे. अट एकच, वडीलकी घरी ठेवून निघायचं. ही अट मोडली तर काय होतं याचा दाखला सर्फिंगच्या इतिहासातच आहे, म्हणून सुरुवात तिथून करतो.

डोरियन पास्कोविट्झ हे अमेरिकेतले डॉक्टर, स्टॅनफर्डमध्ये शिकलेले. हवाईत त्यांचा वैद्यकीय व्यवसाय उत्तम चालला होता, तो त्यांनी सोडून दिला. 1956 साली ते इस्रायलला गेले आणि तेल अवीवच्या किनाऱ्यावर तिथल्या तरुणांना सर्फिंग दाखवलं. त्या देशात या खेळाची सुरुवात त्यांच्यापासून धरतात. पुढे पत्नी ज्युलिएट आणि नऊ मुलं, म्हणजे आठ मुलगे आणि एक मुलगी, एवढा संसार त्यांनी चोवीस फुटी कॅम्परमध्ये मांडला आणि अमेरिका-मेक्सिकोच्या किनाऱ्यांवर हिंडत राहिले. मुलांना शाळा नाही. साखर नाही. सकाळी धान्यांची लापशी आणि मग समुद्र. आजही एखाद्या कंटाळलेल्या नोकरदाराला हे ऐकवलं तर त्याचे डोळे चमकतील. पण 2007 साली डग प्रे यांनी या कुटुंबावर ‘सर्फवाइज’ हा माहितीपट केला, त्यात मोठी झालेली मुलं कॅमेऱ्यासमोर बोलतात. त्यांच्या बोलण्यात अभिमान आहे, आणि रागही आहे. शिक्षणच नसल्यामुळे पुढचे रस्ते बंद झाले ही तक्रार आहे. घरातलं सगळं बापाच्या इच्छेने चालायचं हीसुद्धा आहे. चाकांवरचं घर दर आठवड्याला नव्या किनाऱ्यावर उभं राहिलं, तरी आतला कारभार एका माणसाच्या हुकमावर चालत असेल, तर नुसत्या हिंडण्याने तो बदलत नाही.

यावर कुणी म्हणेल, की मुलं वाया तर गेली नाहीत ना? नाही गेली. 1972 साली या कुटुंबाने सर्फिंगचं शिबिर सुरू केलं आणि त्याला नाव मिळालं. मुलांमधला इस्रायल व्यावसायिक लाँगबोर्ड सर्फर झाला. पण माझ्या मुद्द्यासाठी त्याची पुढची गोष्ट महत्त्वाची आहे. त्याच्या मुलाला ऑटिझम आहे. बापाबरोबर बोर्डवर असताना तो मुलगा शांत होतो, हे इस्रायल आणि त्याच्या बायकोच्या लक्षात आलं आणि त्यातून अशा मुलांना लाटेवर नेणारी ‘सर्फर्स हीलिंग’ ही संस्था उभी राहिली. मोठं माणूस मागे, मूल पुढे, दोघं एकाच बोर्डवर. आजोबांनी मुलांना आपल्या छंदामागे चालवलं. मुलाने आपल्या लेकराला कशाने बरं वाटतं ते आधी पाहिलं आणि मग छंद त्या कामाला जुंपला. घराणं तेच आणि समुद्रही तोच, पण निर्णयाची सुरुवात कुठून होते ती जागा बदलली. मी ज्याला अट म्हणतो ती एवढीच.

आता ही अट सर्फिंगच्या प्रवासात पाळणं सोपं का जातं, ते पाहू. कारण तिथे वेळापत्रक माणसाच्या हातात फारसं नसतंच. आपल्याला जवळचं उदाहरण श्रीलंकेचं. बेटाच्या दक्षिण टोकाला, देवुंदरा इथे, दीपगृह आहे. तिथून सरळ दक्षिणेकडे पाहिलं तर अंटार्क्टिकापर्यंत मध्ये जमीन नाही. त्या दक्षिण महासागरात वादळं घोंघावतात, त्यांच्या वाऱ्याने उठलेल्या लाटा हजारो किलोमीटर चालून या किनाऱ्याला लागतात. लाटा इतक्या लांबचा पल्ला गाठतात, हे वॉल्टर मंक यांनी 1963 साली पॅसिफिकमध्ये मोजून दाखवलं होतं. दक्षिणेच्या वादळांतल्या लाटांचा माग त्यांनी थेट अलास्कापर्यंत काढला. किनाऱ्याजवळ पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाट फुटते. म्हणून भरतीला एका जागी फुटणारी लाट ओहोटीला दुसरीकडे फुटते. त्यात वाऱ्याची भर. पहाटे जमिनीकडून वाहणारी झुळूक लाटेचा चेहरा गुळगुळीत ठेवते, ऊन चढलं की समुद्रावरून वारा सुटतो आणि पाणी चुरगळून जातं. परिणाम असा, की उजाडताना पाण्यात उतरायचं, उन्हं उतरल्यावर पुन्हा पाहायचं, आणि मधली अख्खी दुपार रिकामी. बसच्या सहलीत अशी दुपार कुणी ठेवतच नाही, तसं केलं तर लोक पैसे परत मागतील! आई-मुलाला किंवा बाप-लेकीला घरी जे बोलायला सवड होत नाही, ते बोलणं निघालंच तर अशाच वेळी निघतं. निघेलच अशी हमी मी देत नाही. पण मोकळा वेळच नसेल, तर ते कुठून निघणार?

शिवाय पाण्यातला कायदा. लाट जिथे आधी फुटते त्या टोकाच्या सगळ्यात जवळ जो असेल, लाट त्याची. बाकीच्यांनी मागे हटायचं. हा नियम बहुतेक ठिकाणी लिहून टांगलेला नसतो, पण जगभर पाळला जातो आणि मोडला तर चार शब्द ऐकून घ्यावे लागतात. त्यात वय, पगार, नातं काही बघत नाहीत. साठीचे वडील आणि बारा वर्षांची पोर शेजारी असतील आणि पोर टोकाजवळ असेल, तर वडिलांनी थांबायचं. शिकतानाही तेच. वेलिगामाच्या उपसागरात तळाला वाळू आहे, लाटा सौम्य आहेत, पाणी कोमट. नवशिक्यांना ही जागा मानवते. तिथे भाड्याने मिळणाऱ्या मऊ फोमच्या बोर्डावर आधी पालथं पडायचं, हाताने वल्हवायचं, लाटेने मागून उचललं की छातीजवळ तळवे टेकून एका दमात पाय खाली घ्यायचे. लहान मुलाला हे चटकन जमतं, कारण अंग हलकं आणि पडायची लाज नाही. मोठा माणूस आधी गुडघा टेकतो, खाली बघतो आणि जातो पाण्यात. मग मूल सांगतं, ‘बाबा, खाली नाही, समोर बघा.’ सूचना द्यायची सवय असलेल्या माणसाने सूचना घ्यायची, तीही चारचौघांत, नाकातोंडात खारं पाणी गेलेलं असताना. अशी वेळ पालकांवर एरवी येते ती म्हातारपणी किंवा आजारपणात. धडधाकट असताना, हसत हसत येत नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप धोक्याचा. आपल्या किनाऱ्यावर दर वर्षी सहलीला आलेली माणसं बुडतात, तेव्हा ‘पोहता न येणाऱ्या आईला कशाला नेता’ हा प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की पाण्यात उतरणं हे या प्रवासातलं एक काम आहे, एकमेव नाही. किनाऱ्यावर जरा उंच बसलेल्या माणसाला जे दिसतं ते पाण्यात पडलेल्याला दिसत नाही. लाटा रांगेने येतात, मोठ्या लाटांचा जथा येतो आणि मग थोडी उसंत. हा हिशेब वरून कळतो. ओढ कुठे आहे तेही वरूनच दिसतं. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मध्ये एका पट्ट्यात पाणी शांत, गडद, त्यावरचा फेस उलटा समुद्राकडे चाललाय, तर तीच ओढ. नवख्याला नेमकी तीच जागा निर्धास्त वाटते. तिच्यात सापडलं तर किनाऱ्याकडे झुंजायचं नाही, आडवं पोहत बाहेर पडायचं. हे वाचायला शिकलेली आई वाळूवर बसून लेकाच्या उपयोगी पडते. मात्र तिने सांगितल्यावर लेकाने पाण्याबाहेर आलं पाहिजे. वडीलकी घरी ठेवायची म्हणजे अनुभवही घरी ठेवायचा, असं मी म्हणत नाही. आणि समुद्राची दुसरी बाजू श्रीलंकेच्या त्या किनारी रस्त्यावर लपलेली नाही: हिक्कडुवाजवळ पेरलिया इथे 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीने अख्खी आगगाडी उलथवली, त्याचं स्मारक रस्त्यालगतच आहे.

खर्चाचा आक्षेप मला तितकासा पटत नाही. बोर्ड तिथे भाड्याने मिळतो, रिक्षांच्या टपावरसुद्धा तो बांधायची सोय असते. ‘पाहायला काय आहे’ म्हणणाऱ्यांसाठी वाटेत गॉलचा किल्ला आहे. खरी अडचण सुट्ट्यांची. जूनमध्ये कोकणावर बरसणारा नैऋत्य मोसमी वारा तिथे मे महिन्यापासूनच वेलिगामा-हिक्कडुवाची बाजू बिघडवतो. ती चांगली असते नोव्हेंबर ते एप्रिल. उरलेले महिने पूर्वेच्या अरुगम बेचे, पोत्तुविलजवळचे, तिथली लाट उजवीकडे लांबवर धावते. पण ती नवशिक्यांना जरा जड, म्हणून आजूबाजूचे सोपे किनारे शोधावे लागतात. थोडक्यात, मूल शाळेत असेल तर दिवाळीनंतर दक्षिणेला जायचं, मेच्या सुट्टीत मोनरागलाच्या रस्त्याने पूर्वेला. आणि दिवाळीनंतरची रजा मिळते का, हे आधी पालकांनी आपल्या कचेरीत विचारून घ्यावं. मुलांच्या शाळेचं वेळापत्रक तर भिंतीवर लावलेलंच असतं.