अंगणांतील पांगारा

फाटकाजवळचा पांगारा कांटेरी, म्हणून मीं तो तोडविला आणि त्या जागीं मूळचा मादागास्करचा गुलमोहर लावला. तो यथाकाळ वैशाखांत फुललाही. पण आमचा फाल्गुन मुका झाला. निष्पर्ण पांगाऱ्याच्या तांबड्याभडक फुलांतील मकरंदासाठीं येणाऱ्या साळुंक्या, बुलबुल नि शिंजीर येईनासे झाले.

अखेर एका मृगाच्या पावसांत पांगाऱ्याची मनगटाएवढी जाड फांदी कुंपणाशीं रोवली. अशी फांदी सहज मूळ धरते. लांकूड ठिसूळ, म्हणून ती घरापासून दूर, उन्हाच्या जागीं लावावी.

यंदा पहिलीं फुलें आलीं, आणि पहांटे साळुंक्यांनींच मला जागें केलें. कांट्यांसाठीं वाट चार हात वळवितां येते. रुसलेल्या पाखरांना हांक मारून बोलावितां येत नाहीं.