स्विचचा फेरफार

पारोळा तालुक्यातल्या कुठल्याही गावी जमिनीचा व्यवहार झाला, तरी सातबाऱ्यावर नवं नाव त्याच दिवशी चढत नाही. तलाठी आधी गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद धरतो. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी 15 दिवस मिळतात, आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली की मग सातबारा बदलतो. या कामात खेपा फार होतात, ही आपली तक्रार खरीच आहे. तरी त्या रीतीत एक शहाणपण आहे. बदल अमलात येण्याआधी तो लिहिलेला असतो आणि लिहिणारा एक, प्रमाणित करणारा दुसरा असतो. आज ज्या यंत्राबद्दल बोलायचं आहे ते आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं नाही, पण आपला पैसा आणि आपली कागदपत्रं त्याच्यातून रोज ये-जा करतात. त्या यंत्रातले बदलही फेरफारासारखे लिहून, दुसऱ्याला वाचायला देऊन मगच व्हावेत, आणि त्यासाठी पडद्यावरच्या चित्रांपेक्षा कमांड लाइन, म्हणजे ओळीओळीने टाइप केलेल्या आज्ञा, अधिक भरवशाची आहे, असं माझं म्हणणं आहे.

मोठ्या बँकेचा किंवा सरकारी खात्याचा डेटा सहसा सर्व्हरच्या पोटात नसतो. तो स्टोरेजच्या वेगळ्या कपाटांत असतो, आणि सर्व्हर तिथवर एका स्वतंत्र जाळ्यातून पोचतात. त्या जाळ्याला सॅन म्हणतात आणि त्याच्या चौकात स्विच असतात. फायबर चॅनल या पद्धतीत जाळ्यातल्या प्रत्येक पोर्टला 64 बिटांचं नाव असतं. ते 16 अंकाक्षरांत, दोन-दोनच्या आठ जोड्या पाडून, मध्ये विसर्गासारखे ठिपके देऊन लिहितात. कुठला सर्व्हर कुठल्या स्टोरेजशी बोलू शकेल हे ठरवणाऱ्या आखणीला झोनिंग म्हणतात. पारोळ्याच्या भुईकोट किल्ल्याचा खंदक बाहेरच्याला अडवण्यासाठी होता. झोनिंग ही भिंतींच्या आतली वाटणी आहे. दोघं एकाच स्विचला जोडलेले असले, तरी एका झोनमध्ये नसतील तर एकमेकांना दिसत नाहीत. ही वाटणी चुकली आणि परक्या सर्व्हरला दुसऱ्याची डिस्क दिसली, तर ती आपलीच समजून तो तिच्यावर लिहू शकतो. स्टोरेजच्या कपाटातही दुसरी चाळणी असते, पण पहिलं दार स्विचवरचंच.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते जवळून पाहू. ब्रोकेड बनावटीच्या स्विचवर माणूस आधी ‘अलीक्रिएट’ लिहून त्या 16 अंकाक्षरांना ओळखता येईल असं टोपणनाव देतो. ‘झोनक्रिएट’ने एक सर्व्हर आणि एक स्टोरेज यांची जोडी बांधतो, ‘सीएफजीॲड’ने ती जोडी मुख्य यादीत घालतो आणि ‘सीएफजीसेव्ह’ने यादी जतन करतो. इथवर चालू कारभारात काहीच बदललेलं नसतं, नोंद फक्त धरलेली असते. मग ‘सीएफजीइनेबल’ची ओळ येते. स्विच हो की नाही विचारतो, आणि हो म्हणताच जुनी यादी सगळीच्या सगळी बाजूला होऊन नवी लागू होते, तीही त्या जाळ्यातल्या प्रत्येक स्विचवर. सिस्कोच्या स्विचवर हेच काम ‘झोनसेट ॲक्टिव्हेट’ करतं. नव्या यादीत एखादा जुना झोन घालायचा राहून गेला असेल, तर त्याच क्षणी त्या सर्व्हरखालून डिस्क निघून जाते. पोर्टच्या नावातलं एक अंकाक्षर चुकलं, तर स्विच तक्रारही करत नाही, कारण चुकलेलं नावही नियमात बसतं. फक्त त्या नावाचं जाळ्यात कोणी नसतं. फेरफारात गट नंबर चुकावा आणि तो नंबर दुसऱ्या कोणाचा तरी खराच असावा, त्याहूनही ही चूक मुकी आहे. म्हणून ती यंत्राने धरण्याची वाट न पाहता माणसाने वाचूनच धरावी लागते. वाचायला मजकूर हवा, आणि तो कमांड लाइन देते.

अशा जाळ्यातली मांडणी चुकली तर किंमत काय असते, याचं उदाहरण मुंबईत घडलं आहे. 24 फेब्रुवारी 2021 रोजी नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार सकाळी 11.40 ला थांबवावे लागले. ते दुपारी 3.45 ला पुन्हा सुरू झाले आणि 5 पर्यंत चालले. दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्या असूनही दोन्ही अस्थिर झाल्या. त्याचा परिणाम सॅनवर झाला, सर्व्हरला मुख्य स्टोरेज मिळेना, आणि जोखीम सांभाळणारी यंत्रणा बंद पडली. बिघाड झाल्यास काम दुसरीकडे वळवण्याची पुरवठादाराने बसवलेली रचना आपल्या मूळ आराखड्याबरहुकूम नव्हती, असं एक्स्चेंजने पुढच्या महिन्यात खुलाशात सांगितलं. त्याच मार्च महिन्यात सेबीने अशा संस्थांना बंधन घातलं: महत्त्वाची यंत्रणा कोलमडली तर 30 मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि त्यानंतर 45 मिनिटांत पर्यायी व्यवस्थेवर कारभार उभा करायचा. कमांड लाइन वापरली असती तर हे टळलं असतं, असं मी म्हणत नाही. तो दावा खोटा ठरेल. मला यात दिसतं ते इतकंच, की आराखडा एका कागदावर होता, यंत्रातली मांडणी वेगळी होती, आणि दोहोंमधलं अंतर उघडं पडायला बिघाडाचा दिवस यावा लागला. आराखडा आणि मांडणी ओळीला ओळ लावून वाचली जावी, एवढ्यासाठीच मांडणी वाचता येईल अशा रूपात हवी. दोन वाटा ठेवल्या म्हणजे त्या एकमेकींपासून स्वतंत्र झाल्या असंही नसतं, हा त्या दिवसाचा दुसरा धडा.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की चित्रांच्या पडद्यावर टाइप करावं लागत नाही, यादीतून नाव निवडता येतं, म्हणून चूक कमी होते. यात तथ्य आहे. एखादं पोर्ट शोधायला किंवा जाळ्याचा नकाशा पाहायला पडदा उत्तमच. पण पंचवीस ठिकाणी टिचक्या मारून केलेला बदल आधी दुसऱ्याला दाखवायचा कसा? पडद्यामागे नोंद राहते, पण ती झाल्यानंतरची. बारा ओळींची आज्ञापत्रिका आदल्या दिवशी सहकाऱ्याच्या टेबलावर ठेवता येते. शिवाय ती 16 अंकाक्षरं हाताने टाइप करायची नसतातच. सिस्कोवर ‘शो फ्लोगी डेटाबेस’ लिहिलं की कोण कुठल्या पोर्टवर हजर आहे ते दिसतं, नाव तिथून उचलायचं.

दुसरा आक्षेप याहून जड आहे. कमांड लाइनवर एका ओळीत सत्यानाश होऊ शकतो. ‘सीएफजीक्लिअर’ने सगळी आखणी पुसायला घेता येते. हे खरंच आहे, आणि एकट्या माणसाने मध्यरात्री थकल्या डोळ्यांनी हे काम करू नये, हाच त्याचा अर्थ. चांगल्या ठिकाणी सॅनची दोन स्वतंत्र जाळी असतात, ‘अ’ आणि ‘ब’, आणि प्रत्येक सर्व्हर दोहोंना जोडलेला असतो. आधी ‘कॉन्फिगअपलोड’ने जुनी मांडणी मजकुराच्या फाइलीत उतरवून घ्यायची, मग फक्त ‘अ’ बदलायचं, सर्व्हरला दोन्ही वाटांनी डिस्क दिसते का ते तपासायचं, आणि ‘ब’ला दुसऱ्या दिवशी हात लावायचा. हरकतीच्या 15 दिवसांचं हे स्विचवरचं रूप. घाईत दोन्ही जाळी एका रात्रीत उरकली, तर दोन जाळी ठेवण्याचा खर्चच वाया जातो.

आता हे सगळं आपोआप करणारी साधनं आली आहेत, मग आज्ञा शिकायच्या कशाला, असंही विचारतात. ती साधनंही लिहिलेल्या मजकुरावरच चालतात. तो मजकूर चुकला तर ती तीच चूक शंभर स्विचवर एका दमात करतात, म्हणून वाचणाऱ्याची गरज वाढतेच. फायबर चॅनलवर एनव्हीएमई ही डिस्कशी बोलण्याची नवी पद्धत आली, तरी झोनिंग सुटलेलं नाही.

आपल्या खान्देशातून येणारी शंका मात्र वेगळी असते: आमची मुलं मराठी माध्यमातली, इंग्रजीतल्या आज्ञा त्यांना कशा जमतील? रोजच्या कामाला तीस-चाळीस आज्ञा पुरतात, आणि त्यांची इंग्रजी बोलीतली इंग्रजी नाही. खुणांची ती भाषा जळगावच्या मुलाला जितकी परकी, तितकीच लंडनच्या मुलालाही. लागते ती अक्षर न् अक्षर वाचायची सवय. बदल का करायचा, कोणता सर्व्हर, काही बिघडलं तर मागे कसं यायचं, हे तर स्वच्छ मराठीतच लिहावं. ज्या भाषेत माणूस विचार करतो त्या भाषेत कारण लिहिलं, की कारणातला खोटेपणा लगेच डोळ्यांत येतो.

म्हणून कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातल्या आणि इथल्या महाविद्यालयांतल्या संगणकाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. प्रयोगशाळेत असा महागडा स्विच नसला तरी अडत नाही. विद्यार्थ्याकडून बदलाचा कागद लिहून घ्या: वर मराठीत कारण, मध्ये आज्ञांच्या ओळी, खाली मागे येण्याच्या ओळी. तो शेजारच्या विद्यार्थ्याकडून वाचून घ्या आणि दोघांच्या सह्या घ्या. दुसरी सही होईपर्यंत ‘सीएफजीइनेबल’ची ओळ टाइप करायची नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगा.