डबीवरील अक्षरे

(ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचा सारांश)



प्रकाशनवर्ष न छापलेला ग्रंथ हाती आला, की जाणता ग्रंथपाल मुद्रणालयाचे नाव, पत्ता आणि किंमत पाहून त्याचा काळ ठरवू लागतो. ठासणीच्या बंदुकीच्या टोप्यांची जुनी पत्र्याची डबीही याच रीतीने वाचावी लागते. घोड्याखाली बसणारी तांब्याची इवलीशी टोपी स्वतःविषयी फारसे सांगत नाही. सांगते ते डबीवरचे लेबल.

लंडनच्या ‘इली ब्रदर्स’चे उदाहरण घ्यावे. हा कारखाना १८२८ मध्ये निघाला आणि १८७४ मध्ये त्याची मर्यादित कंपनी झाली. तेव्हा नावापुढे ‘लिमिटेड’ असेल, तर ते लेबल १८७४ पूर्वीचे नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, ही कंपनी इतर स्फोटक-उत्पादकांबरोबर एका मोठ्या संघात विलीन झाली. त्या संघाला १९२० मध्ये ‘नोबेल इंडस्ट्रीज’ हे नाव मिळाले आणि १९२६ मध्ये तो ‘इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज’मध्ये सामावला. यांपैकी जे नाव लेबलावर असेल, ते काळाची आधीची सीमा आखून देते. मात्र ‘इली’ हे नाव विलीनीकरणानंतरही चालू राहिले. म्हणून केवळ त्यावरून निर्णय करणे धाडसाचे ठरते.

येथे विवेक हवा. छापील शब्द ‘याच्या आधीचे नव्हे’ एवढेच खात्रीने सांगतो. शब्द नसणे हा पुरावा दुबळा, कारण शिल्लक लेबले नाव बदलल्यावरही वापरली जाऊ शकतात. शिवाय डबीचे वय म्हणजे आतील मालाचे वय नव्हे. रिकामी डबी पुन्हा भरता येते.

या अभ्यासात चूक जिवावर बेतू शकते. टोपीतील पाऱ्याचे फल्मिनेट आघाताने वा घर्षणाने पेटते. या कारखान्याचे एक संस्थापक विल्यम इली यांचा १८४१ मध्ये त्याच द्रव्याच्या स्फोटात अंत झाला. म्हणून जुन्या वाड्याच्या माळ्यावर भरलेली डबी आढळल्यास ती उघडू, हलवू वा घासूपुसू नये. दुरूनच पाहून पोलिसांना कळवावे. रिकाम्या डबीचे लेबल मात्र खरवडू नये. गंज काढण्याच्या उत्साहात अक्षरे गेली, की डबी लखलखीत होते आणि इतिहास मुका होतो.