पोर्टिसहेडची आगगाडी : बंद करण्याचा कायदा आणि उघडण्याचा कायदा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



इंग्लंडच्या पश्चिमेस ब्रिस्टल शहरापासून दहा मैलांच्या आसपास, सेव्हर्न नदीच्या मुखाशी पोर्टिसहेड नावाचे गाव आहे. मुंबईच्या हिशेबाने सांगायचे तर बोरीबंदरहून कुर्ल्यापर्यंत जावे एवढेच हे अंतर. १८६७ साली या गावाला रेल्वे मिळाली. ७ सप्टेंबर १९६४ रोजी तिच्यावरील प्रवासी वाहतूक बंद झाली. ती पुन्हा सुरू करण्यास शासनाची परवानगी मिळाली १४ नोव्हेंबर २०२२ रोजी, म्हणजे अठ्ठावन्न वर्षांनी. परवानगी हाती आल्यावरही गाडी लगोलग धावू लागली असे नाही. त्याची हकीकत पुढे येईलच.

एवढ्याशा फाट्याची कथा कार्यकर्त्यांच्या वर्गात कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. सार्वजनिक सेवा बंद करताना राज्यसंस्था कोणता काटा वापरते आणि तीच सेवा पुन्हा मागितली असता कोणता काटा काढते, हे या एका फाट्यावर जितके उघड दिसते तितके मोठ्या योजनांच्या गदारोळात दिसत नाही, म्हणून.

प्रथम बंद करण्याची हकीकत पाहू. ब्रिटिश रेल्वेचे राष्ट्रीयीकरण अ‍ॅटलींच्या मजूर सरकारने १९४८ साली केले. पुढे हुजूर पक्षाच्या राजवटीत मोटारींचे युग अवतरले आणि रेल्वे तोट्यात गेली. वाहतूकमंत्री अर्नेस्ट मार्पल्स हे रस्ते व पूल बांधणाऱ्या एका कंपनीचे संस्थापक-भागीदार होते. त्यांनी रेल्वेच्या शिरस्थानी डॉ. रिचर्ड बीचिंग यांना बसविले. बीचिंग हे एका मोठ्या रसायन कंपनीतून आलेले. त्यांचे वार्षिक वेतन २४ हजार पौंड होते आणि त्यावरून त्या काळी बराच गहजबही झाला. मार्च १९६३ मध्ये त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. सुमारे पाच हजार मैलांचे मार्ग आणि दोन हजारांहून अधिक स्थानके बंद करावीत, अशी त्यात शिफारस होती. तिचा आधार काय, तर एप्रिल १९६१ मधील एका आठवड्यात केलेली प्रवाशांची मोजणी! एका आठवड्याच्या मोजणीवरून पन्नास वर्षांचा निकाल. शाखामार्गावरून मुख्य मार्गावर येणारा प्रवासी हा मुख्य मार्गाच्या उत्पन्नात भर घालतो. फाटा तोडला की तो प्रवासी मुख्य मार्गावरही पुन्हा दिसत नाही, मोटार विकत घेतो. हा साधा व्यवहार त्या जमाखर्चाच्या वहीत नीट उतरलाच नाही.

यापेक्षाही ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे त्या वेळची कायद्याची रीत. १९६२ च्या वाहतूक कायद्यानुसार मार्ग बंद करण्यास हरकत घेण्याचा नागरिकांना अधिकार होता आणि हरकती ऐकण्यासाठी प्रवाशांच्या सल्लागार समित्याही होत्या. परंतु समितीने फक्त एवढेच पाहावयाचे की, मार्ग बंद झाल्यास प्रवाशांची गैरसोय किती होईल. रेल्वेने मांडलेले तोट्याचे आकडे खरे की खोटे, हे विचारण्याची समितीला मुभा नव्हती. गाड्यांची संख्या बदलून वा खर्च कमी करून मार्ग टिकविता येईल काय, हा प्रश्नही तिच्या कक्षेबाहेरचा. वीस वर्षांनी हे गाव केवढे होईल, रस्त्यावर किती मोटारी येतील, हवेचे काय होईल, याविषयी एक पानही कोणाला सादर करावे लागले नाही. नागरिकाने आपले दुःख सांगावे आणि मंत्र्याने सही करावी, असा तो मामला होता.

येथे समाजवाद्यांनी स्वतःच्या घरातही डोकावून पाहिले पाहिजे. पोर्टिसहेडची गाडी बंद झाली त्यानंतर सहाच आठवड्यांच्या आत सार्वत्रिक निवडणूक झाली आणि हॅरॉल्ड विल्सन यांचे मजूर सरकार आले. मोठ्या प्रमाणावरील रेल्वेबंदी थांबविण्याचे आश्वासन त्या पक्षाच्या जाहीरनाम्यात होते. आश्वासन कागदावर राहिले. मार्ग बंद होतच गेले. एडिंबरोहून दक्षिणेस जाणारा वेव्हर्ली मार्ग जानेवारी १९६९ मध्ये बंद झाला तो मजूर सरकारच्याच हातून. बार्बरा कॅसल यांच्या १९६८ च्या कायद्याने, तोट्यात चालणाऱ्या परंतु समाजाला आवश्यक असलेल्या मार्गांना सरकारी अनुदान देण्याचे तत्त्व मान्य केले, हे खरे. पण तोपर्यंत पुष्कळ रूळ उखडले गेले होते. आपला पक्ष सत्तेवर आला म्हणजे सरकारी खात्याच्या वहीतील हिशेबाची रीत आपोआप बदलते, असे समजणाऱ्यांनी या चार वर्षांचा इतिहास अवश्य वाचावा.

आता गावाकडे वळू. १९६० च्या दशकातील पोर्टिसहेड म्हणजे दोन वीजकेंद्रे, एक गोदी, फॉस्फरसचा कारखाना आणि काही हजार वस्ती. पुढे वीजकेंद्रे बंद पडली, १९९२ मध्ये गोदीही बंद झाली आणि त्या रिकाम्या जमिनीवर घरे उभी राहिली. बिल्डरांना सोन्याची खाण मिळाली. आज तेथील वस्ती २५ हजारांच्या आसपास आहे आणि यातील असंख्य माणसे कामासाठी ब्रिस्टलला जातात. त्यांच्यासाठी मुख्य रस्ता एकच. तोच मोटर-वेच्या चौकात अडकतो, आणि सकाळच्या वेळी जे अंतर रेल्वेने तेवीस मिनिटांत कापले जाईल असा अंदाज आहे, त्यासाठी बसमध्ये जवळजवळ तास जातो. घरे बांधण्याची परवानगी वर्षांमागून वर्षे मिळत गेली. त्या घरांतील माणसांना कामावर नेणाऱ्या गाडीची परवानगी मात्र कोणाच्या टेबलावरही नव्हती.

मधल्या काळातली एक गोष्ट तर विलक्षण आहे. याच मार्गावर, पिल नावाच्या खेड्यापलीकडे एक मोठी गोदी आहे. तिच्यासाठी २००२ च्या सुमारास हा मार्ग दुरुस्त करून मालगाड्या सुरू करण्यात आल्या. परदेशातून आलेला कोळसा आणि मोटारी पिलच्या बंद स्थानकावरून धडधडत जाऊ लागल्या. फलाटावर मात्र कोणी उभे राहावयाचे नाही! शेवटचे सुमारे तीन मैल, गोदीच्या फाट्यापासून पोर्टिसहेडपर्यंत, तेवढे गंजलेल्या रुळांवर झुडपे वाढत राहिली. कोळशाला जो हक्क मिळाला तो माणसाला मिळण्यास आणखी वीस वर्षेही पुरली नाहीत.

गावातील नागरिकांनी २००० साली आपला रेल्वे गट स्थापन केला. पत्रके, सह्या, सभा, खासदारांच्या भेटी, हे सर्व त्यांनी कंटाळा न करता चालविले. निवडणुकीत मते मागणारा प्रत्येक जण गाडीला पाठिंबा देई; पाठिंब्याचा कधी तुटवडा नव्हता. तुटवडा होता तो पैशाचा आणि निर्णयाचा. सुरुवातीस अर्ध्या तासाला एक गाडी असा बेत होता. २०१७ मध्ये खर्चाचा अंदाज ५ कोटी ८० लाख पौंडांवरून एकदम साडेचौदा ते साडेसतरा कोटींवर गेला आणि बेत ताशी एका गाडीवर आणावा लागला.

अखेर नॉर्थ सॉमरसेटच्या स्थानिक परिषदेने नोव्हेंबर २०१९ मध्ये परवानगीसाठी अर्ज केला. हा अर्ज साध्या नगररचना विभागाकडे करावयाचा नव्हता. २००८ चा नियोजन कायदा असे सांगतो की, रेल्वेच्या कार्यरत भूमीबाहेर दोन किलोमीटरांहून अधिक लांबीचा मार्ग टाकावयाचा असेल तर तो राष्ट्रीय महत्त्वाचा प्रकल्प समजावा आणि त्याचा निर्णय खुद्द मंत्र्याने करावा. रूळ जागेवर होते, भराव होता, पूल होते. परंतु गाडी बंद होऊन इतका काळ लोटला होता की कायद्याच्या लेखी हा मार्ग चालू रेल्वे उरलेला नव्हता. त्यामुळे गावाकडे जाणाऱ्या तीन मैलांच्या फाट्याला तीच चाळणी लागली जी अणुवीजकेंद्राला लागते. अर्जाच्या कागदपत्रांची पाने भरली ७९ हजारांवर. हा कायदा मजूर सरकारने केला होता आणि त्याचा हेतू मोठे प्रकल्प लवकर मार्गी लावण्याचा होता, ही आणखी एक गंमत.

या ७९ हजार पानांचा इंग्लंडमध्ये पुष्कळ बोलबाला झाला. त्यातील हजारावर पाने केवळ वटवाघळांविषयी आहेत, यावरून थट्टाही झाली. या थट्टेत कार्यकर्त्यांनी सामील होऊ नये. हा मार्ग एव्हन नदीच्या खोल घळीतून, ब्रुनेलच्या झुलत्या पुलाखालून जातो. त्या कड्यांवर व्हाइटबीम वृक्षाच्या अशा जाती आहेत की ज्या जगात दुसरीकडे कोठेही सापडत नाहीत. घोड्याच्या नालासारखे नाक असलेली दुर्मीळ वटवाघळे त्या परिसरात राहतात. त्यांचा विचार करणे, तोडलेल्या झाडांच्या बदल्यात त्याच जातीची झाडे लावणे, रुळालगत राहणाऱ्यांना आवाजाविषयी बोलू देणे, हे लोकशाहीचे काम आहे. १९६४ मध्ये असे काहीच झाले नाही, म्हणून तर हा सारा प्रसंग ओढवला. वटवाघळांना पुढे करून सारेच निर्बंध उडवून लावावेत, असे ज्यांना वाटते त्यांचा डोळा गावच्या रेल्वेवर नसतो, तो बिल्डरांच्या जमिनीवर असतो.

आणि तारखा पाहिल्या तर काय दिसते? तज्ज्ञ परीक्षकांची तपासणी ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाली आणि कायद्याने घातलेल्या सहा महिन्यांत पुरी झाली. मंत्र्याने ऑक्टोबर २०२१ पर्यंत निर्णय द्यावयाचा होता. तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबविला गेला. नंतर पुन्हा फेब्रुवारी २०२३ पर्यंतची मुदत घेण्यात आली. या दुसऱ्या मुदतवाढीचे कारण झाड नव्हते, पाखरू नव्हते. पैसा कोण देणार हे ठरले नव्हते. त्या उन्हाळ्यात केंद्र सरकार, स्थानिक परिषद आणि ब्रिस्टल परिसराचे संयुक्त प्राधिकरण यांनी मिळून तोंडमिळवणी केली, आणि नोव्हेंबरात आदेश निघाला. म्हणजे एक सरकारी खाते दुसऱ्या सरकारी संस्थेकडून, तिसऱ्या सरकारी तिजोरीतून पैसे येतील याची हमी मागत बसले होते.

हे असे का व्हावे? १९९३ च्या कायद्याने ब्रिटिश रेल्वेचे तुकडे केले गेले. रूळ एकाचे, गाड्या दुसऱ्याच्या, त्या चालविणार तिसरा. पूर्वी एकाच संस्थेच्या पगारावर आराखडे करणारे अभियंते असत. आता प्रत्येक टप्प्यावर सल्लागार कंपनी, तिची फी आणि तिच्या अहवालावर दुसऱ्या कंपनीचा अभिप्राय. रूळ सांभाळणारी खाजगी कंपनी कोसळल्यावर २००२ मध्ये रूळ पुन्हा सार्वजनिक संस्थेकडे आले, आणि २०२४ च्या कायद्याने प्रवासी गाड्याही टप्प्याटप्प्याने सार्वजनिक मालकीत घेण्याचे ठरले. पण दरम्यान गेलेली एक पिढीची कसबी माणसे कायद्याने परत येत नाहीत.

याच्या शेजारीच डेव्हन परगण्यात ऑकहॅम्प्टन आहे. तेथील नित्याची प्रवासी गाडी १९७२ मध्ये बंद झाली, परंतु खडीच्या खाणीसाठी रूळ शाबूत ठेवले गेले होते आणि पुढे हौशी मंडळींनी व स्थानिक संस्थांनी उन्हाळ्यातील रविवारची गाडी चालविली. मार्ग कायद्याच्या दृष्टीने जिवंत राहिला. म्हणून सुमारे चौदा मैलांच्या या मार्गाची डागडुजी नऊ महिन्यांत झाली, चार कोटी पौंडांच्या अंदाजातून एक कोटी वाचले आणि २० नोव्हेंबर २०२१ रोजी गाडी सुरूही झाली. पोर्टिसहेडचे तीन मैल तेव्हा मंत्र्याच्या टेबलावर होते. मार्ग बंद पडतोच आहे, निदान रूळ आणि जमीन तरी राहू द्या, ही मागणी अनेकदा कार्यकर्त्यांना क्षुल्लक वाटते. पोर्टिसहेडमध्ये १९५४ साली बांधलेल्या स्थानकाच्या जागेवर पेट्रोल पंप आला आणि नव्या वस्तीकडे जाणारा एक रस्ता थेट जुन्या रुळांवरून काढण्यात आला. तेथे रेल्वे फाटक ठेवण्यास सुरक्षेच्या कारणावरून नकार मिळाला. त्यामुळे नवे स्थानक गावाच्या मध्यापासून अलीकडे सरकले आणि रस्त्याचीही वाट वळवावी लागली. घाईने दिलेल्या एका रस्त्याच्या परवानगीची किंमत अशी दुसऱ्या पिढीने भरली.

परवानगीनंतरची हकीकत थोडक्यात सांगता येईल. जुलै २०२४ मध्ये नवे मजूर सरकार आले आणि बंद मार्ग उघडण्याचा जुन्या सरकारचा कार्यक्रम त्याने काटकसरीपायी रद्द केला. या गावाच्या पैशाचा काही भाग त्याच कार्यक्रमातून यावयाचा होता. पुन्हा पत्रके निघाली, पुन्हा शिष्टमंडळे गेली. २०२५ मध्ये निधीचा प्रश्न सुटला. परवानगीचा कागद हाती असणाऱ्यांना तो कागद घेऊन आणखी एकदा दारोदार फिरावे लागले. दोन नवी स्थानके, पिल आणि पोर्टिसहेड. वेळापत्रक पाळले गेले तर या दशकाच्या अखेरीपूर्वी तेथे गाडी थांबेल. ती तूर्त ताशी एकच असेल. अर्ध्या तासाला एक गाडी हवी, ही मागणी गावकऱ्यांनी सोडलेली नाही.