तिसरा डोस राहिलाय?

मोठ्यांसाठी हेपटायटिस बी लसीचे नेहमीचे डोस तीन: आज, महिन्याने आणि सहाव्या महिन्यात. दोन घेऊन थांबणारे बरेच. पण मधल्या काळात काखेतल्या लिम्फ नोडमध्ये काम चालू असतं. तिथे बी पेशी विभागताना अँटिबॉडीच्या जनुकात चुका होऊ देतात, नेहमीच्या सुमारे दहा लाख पट वेगाने. आम्ही कोडवाले बग काढतो, शरीर ते मुद्दाम पेरतं! बिघडलेल्या पेशी मरतात. विषाणूच्या प्रथिनाला जास्त घट्ट धरणाऱ्या टिकतात, त्यांतल्या काही स्मृतिपेशी होतात. तिसऱ्या डोसला याच जाग्या होऊन भरपूर अँटिबॉडी तयार होतात. पुढे खरा विषाणू आला, तर त्या त्याला रक्तातच पकडतात, यकृताच्या पेशीत शिरू देत नाहीत. डोस लांबला असेल तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेला तेवढाच घ्यायचा.