घरातल्या केवड्याचं काय?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजवरच्या बैठकांत मी तुमच्यापुढे भावाबद्दल बोललो, बाजार समितीबद्दल बोललो, विजेच्या बिलाबद्दल बोललो. या वेळी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, वयात आलेलं पोर भाजी-फळं खात नाही, त्यावर बोलतो. दोघं-तिघं हसले. हा काय बैठकीचा विषय झाला, म्हणाले. मागच्या वर्षीपर्यंत मीही हसलो असतो.

मागच्या पावसाळ्यात माझी मुलगी शाळेत प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन पडली. वय चौदा, इयत्ता नववी. दवाखान्यात रक्त तपासलं. हिमोग्लोबिन निदान १२ हवं, ते ९ निघालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "जेवणात काय असतं?" मुलगी गप्प. तिच्या आईनं सांगितलं, "बटाटा, भात, चहा-बिस्किट आणि दुकानातली पाकिटं. ताटात हिरवं दिसलं की उठून जाते." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही काय करता?" मी सांगितलं, कृषी पदवीधर आहे, दोन एकर टोमॅटो आहे, भेंडी आहे, बांधावर पेरू आहेत. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

ऊस लावणाऱ्यांना केवडा समजावून सांगायला नको. चुनखडीच्या रानात कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोहाची कमतरता. पण त्या जमिनीत लोह नसतं असं नाही. असतं, भरपूर असतं. चुनखडीमुळे मुळांना ते घेता येत नाही. म्हणून तातडीला आपण फेरस सल्फेट फवारतो आणि पुढच्यासाठी शेणखत घालून जमीन सुधारत जातो. किती जणांच्या उसातला केवडा मी बांधावर उभ्या उभ्या ओळखला असेल! घरातला ओळखला नाही. आणि घरातही तीच गत होती. भाजी रानात भरपूर, पोराच्या अंगी लागत नाही.

हे माझ्या एकट्याच्या घरचं असतं तर तुमचा वेळ घेतला नसता. २०१९ ते २१ या काळात देशभर झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलींत शंभरातल्या ५९ जणींना रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या मुलांत शंभरातल्या ३१ जणांना. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यात एका माणसाला दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या, त्यातही पालेभाज्या, आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. म्हणजे माणशी अर्धा किलो. पाच माणसांच्या घराला रोज अडीच किलो. आपण क्रेट मोजणारी माणसं. आपल्या घरात रोज किती किलो शिजतं, हे कोणी मोजलं आहे का?

सुरुवातीला मी सगळे करतात तेच केलं. रागावलो. ताट संपल्याशिवाय उठायचं नाही, म्हणालो. भाजी खाल्लीस तर मोबाईल, असं आमिष दाखवलं. आजीनं उपाशी ठेवून बघा म्हटलं, तेही एक रात्र केलं. पोरगी हट्टाला पेटली आणि घरातलं जेवण म्हणजे रोजचं भांडण होऊन बसलं. एका रात्री मी ताटाकडे बोट करून म्हणालो, "एवढी भेंडी आपल्या रानातली, लोक पैसे मोजून नेतात, आणि तुला नको?" ती म्हणाली, "पप्पा, ही भेंडी बाजारात कोणी घेईल का? आणि परवा तुम्ही फवारा मारला, आज तोडली. मी बघितलंय."

मंडळी, मी ताटातली भेंडी बोटानं मोडून बघितली. मोडेना. जून झालेली होती. पहिल्या प्रतीची क्रेटमध्ये, दुसरी आठवडी बाजारात, आणि जी कोणी घेणार नाही ती घरात. आमच्या पोरांनी जन्मल्यापासून भेंडी म्हणून चघळलं ते हे. टोमॅटोचं तसंच. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शहरात शंभर रुपये किलोच्या वर गेला. घरात आणला नाही, कारण विकला तर पैसे होतात. त्याच साली सप्टेंबरात भाव कोसळला, शेतकऱ्यांना टोमॅटो रस्त्यावर ओतावा लागला. तेव्हाही घरात आणला नाही, कारण त्याच्याकडे बघवत नव्हतं. महाग तेव्हा नाही आणि मातीमोल तेव्हाही नाही. पोरांनी खायचा कधी?

फवाऱ्याचं तर उत्तरच नव्हतं माझ्याकडे. औषधाच्या डब्याबरोबरच्या पत्रकावर छापलेलं असतं, फवारणीनंतर किती दिवस तोडायचं नाही. बाजाराचा दिवस गाठायचा म्हणून मी ते मोडलं होतं. खाणाऱ्याची फसवणूक झालीच. पण आधी कळलं ते घरच्या पोरीला.

आता काय केलं ते सांगतो. गोळ्या आधी. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या सांगितले तितके महिने घेतल्या. ती आपली फवारणी. नुसत्या भाजीवर नऊचे बारा होतील या भरवशावर कोणी राहू नका. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळीही पोरं फेकतात की गिळतात, बघा.

मग जमीन सुधारायला घेतली. घरामागची अर्धा गुंठा जागा मुलीला दिली. काय लावायचं ते तिनं ठरवायचं, मी विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. कृषी पदवीधराला हे फार अवघड जातं! तिनं मेथी, काकडी, गाजर आणि, मला खिजवायला म्हणून की काय, भेंडी लावली. फवारा नाही. मेथी महिन्याभरात आली. भेंडी दीड-पावणेदोन महिन्यांनी लागली आणि दिवसाआड कोवळी तोडायची, हा नियम तिनंच घातला. पहिली भेंडी तिनं स्वतः चिरली, स्वतः परतली आणि खाल्ली. आम्ही कोणी एक शब्द बोललो नाही. कौतुकही केलं नाही. या वयाच्या पोराला कौतुकसुद्धा दाबासारखं वाटतं.

जेवायच्या आधी, भूक कडकडून लागलेली असते तेव्हा, काकडी-गाजराचे तुकडे मीठ-लिंबू लावून ठेवायला लागलो. ताटात वाढलेली भाजी जी खात नव्हती, ती समोर ठेवलेली थाळी बोलता बोलता संपवते. मेथी थालीपिठात घातली, पण लपवून नाही. लपवलेलं कळलं की विश्वास जातो. नावडती भाजी चमचाभरच, आणि "बघ चाखून" यापलीकडे बोलायचं नाही. नवी चव जिभेला पटायला दहा-पंधरा वेळा लागू शकतात. आपण दोनदा वाढतो आणि "हिला आवडतच नाही" असा शिक्का मारतो. काहींना कडू चव जन्मतःच जास्त लागते, तो काही पोराचा माज नव्हे.

आणि चहा. जेवणाबरोबरचा चहा भाजी-भाकरीतलं लोह अंगी लागू देत नाही. तो आमच्या घरातला चुना. तो आता जेवणानंतर तासाभरानं, सगळ्यांनाच. उलट लिंबू, आवळा, पेरू जेवणात असला तर तेच लोह जास्त अंगी लागतं. पेरूत संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं. आमच्या बांधावर पेरू सडत होते आणि पोरगी पाच रुपयांचं पाकीट फोडत होती. आता घरातले पेरू चिरून, तिखट-मीठ लावून डब्यात जातात. मैत्रिणी मागतात म्हणून दोन जास्त.

मायबहिणींनो, एक गोष्ट तुमच्याशी नाही, तुमच्या घरातल्या पुरुषांशी बोलायची आहे. बाप पालेभाजी ताटाच्या कडेला सारतो आणि मुलीला म्हणतो खा. पहिली पंगत पुरुषांची, भाजी तिथंच संपते. मुलगी आणि आई शेवटी बसतात तेव्हा कढईत रस्सा उरलेला असतो. मग रक्त कमी कोणाचं निघणार? आमच्याकडे आता सगळे एकत्र बसतात. तेवढ्यानं कोणाचा मान कमी झाला नाही.

सगळं जमलं असं नाही. सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन बाराच्या वर गेलं, त्यात मोठा वाटा गोळ्यांचा. कारलं ती अजून खात नाही, वांग्याला हात लावत नाही. पाकिटं बंद झाली नाहीत, कमी झाली. पण ताटावरून उठून जाणं थांबलं. आणि परवा क्रेट भरताना ती म्हणाली, "पप्पा, आधी घरची काढा, मग भरा." मी काढली. दीड किलो कोवळी भेंडी. बाजारात तेवढ्यानं माझं काही बुडलं नाही.

आपण म्हणतो, शेतकऱ्याच्या मालाला किंमत मिळाली पाहिजे. मिळालीच पाहिजे, त्यासाठी तर आपण इथं जमतो. पण त्या मालाची किंमत आपल्याच चुलीपाशी शून्य धरली, तर शहरातल्यानं ती का धरावी? तेव्हा आज घरी गेल्यावर एवढंच करा. उद्याच्या तोडणीत पहिली पाटी घराची. पोराला विचारा, कुठल्या भाज्या खायच्या, आणि लावायला हातभर जागा त्याच्या नावावर करा. पुढच्या बैठकीला येताना भावाचे आकडे आणाच. त्याबरोबर घरात रोज किती किलो शिजलं, तोही आकडा आणा.