कामचुकार कोण?



मी शाळा फार शिकलो नाही. जे शिकलो ते कामगारांत. आमच्या युनियनमध्ये एक टर्नर होता. हात तयार, हिशेब चोख. पुढे पुढे दोघे एकदम बोलले की तो गोंधळे, सांगितलेले माप विसरे. मालकाने त्याला कामचुकार ठरविले. आणि खेदाची गोष्ट ही, की मीही त्यालाच समज दिली. मागाहून कळले, त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस होता.

विजेच्या तारेवर रबराचे वेष्टन असते, तसे मज्जातंतूंवर मायलिनचे. या रोगात शरीराची संरक्षक यंत्रणाच ते कुरतडते. मग संदेश रेंगाळतात. पॅरिसच्या शार्कोने १८६८ साली या रोगाची ओळख करून दिली. स्मृती मंदावते, हेही त्याने नोंदले. सुमारे निम्म्या रोग्यांत असा फरक पडतो. बुद्धी जात नाही, बहुधा तिचा वेग उतरतो. माणूस धड चालत असतो, म्हणून लोकांना ते दिसत नाही.

दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात हा रोग आहे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला माणूस काढता येत नाही. खासगी कारखान्यांत मात्र हे करारात लिहून घ्यावे लागेल: सूचना लेखी, एका वेळी एकच काम, मध्ये विसावा.

मी त्या टर्नरची माफी मागितली. तो हसून म्हणाला, “दादा, तेवढे कागदावर लिहून द्या!”